गाभण कुत्रीचा एक्स-रे काढला तर?

प्रश्न: डॉक्टर, आमची लॅब्राडोर गाभण आहे, ५५ दिवस झालेत, पिल्लं किती आहेत ते बघायला एक्स-रे सांगितलाय. पोटातल्या पिल्लांना रेडिएशनने काही होणार नाही ना? फार टेन्शन आलंय.

उत्तर: ताई, बिनधास्त काढा. खरा प्रश्न असतो एक्स-रे कितव्या दिवशी आणि किती डोस. १९५०च्या सुमारास अमेरिकेत ओक रिजच्या लॅबमध्ये लिअन आणि विल्यम रसेल या नवरा-बायकोने गाभण उंदरांवर हेच तपासलं, वेगवेगळ्या दिवशी रेडिएशन दिलं, तर गर्भ रुजायच्या आधी दिलं की तो बहुतेक मरायचा नाहीतर ठीक वाढायचा, पण अवयव घडायच्या दिवसांत दिलं की पिल्लांत व्यंग यायची, आणि कुठलं व्यंग तेही दिवसावर ठरायचं. अर्थात त्यांचे डोस साध्या एक्स-रेच्या कितीतरी पट होते. कुत्रीत हा नाजूक काळ साधारण २० ते ३५ दिवसांचा, तेव्हा सोनोग्राफीच करावी. हाडं एक्स-रेत दिसायलाच ४५ दिवस लागतात, म्हणून ५५ नंतर काढतात. फक्त घरात कोणी प्रेग्नंट असेल तर तिला कुत्रीला धरायला आत पाठवू नका प्लीज.