बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या दर्शनातली सुकी हाडं म्हणजे मेलेली माणसं का?

नाही, जिवंतपणीच आशा सोडलेली माणसं. इ.स.पू. 586 मध्ये यरुशलेम पडलं, मंदिर जळालं. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) बंदिवासातले यहुदी लोक म्हणू लागले, आमची हाडं सुकली, आशा संपली. यहेज्केलच्या पुस्तकाच्या 37व्या अध्यायातलं, सुक्या हाडांनी भरलेलं खोरं हे त्याच बोलण्याचं चित्र आहे. हाडाला हाड जुळतं, स्नायू येतात, मांस चढतं, वर कातडी. तरी श्वास नाहीच! दरवेळी वाचताना मी इथे थबकतो. मग चारी दिशांनी वारा येतो. हिब्रू 'रुआख' म्हणजे वारा, श्वास आणि आत्माही. हाडांनी काही मागितलंही नव्हतं बरं का. कबरी उघडून तुम्हाला तुमच्या भूमीत परत नेईन, हे देव आपणहून सांगतो.