कांद्याचं रान कसं करावं

भाऊ, रोपाआधी रानाकडे बघा. कांद्याची मुळं उथळ, बहुतेक वीतभर खोलीतच. म्हणून वरचा थर भुसभुशीत हवा. पण वाफसा, म्हणजे मशागतीजोगी बेताची ओल, आल्याशिवाय औत घालू नका. मी एकदा घाई केली. काळ्या रानात विटेसारखी ढेकळं निघाली आणि काढणीला कांदे वाकडेतिकडे. मूठभर माती दाबून सोडा, गोळा सहज फुटला तर रान तयार.

शेणखत पुरतं कुजलेलंच टाका, कच्च्यात हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते. खरिपात सपाट वाफे नकोच, पाणी साचून मुळं सडतात. राजगुरुनगरचं कांदा व लसूण संशोधन संचालनालय १२० सेंटिमीटर रुंद, १५ सेंटिमीटर उंच गादीवाफे सांगतं. जादा पाणी सरीतून निघून जातं. रोटाव्हेटर एकदाच फिरवा. मातीचं पीठ केलंत की पहिल्या पाण्यालाच वर पापडी धरते.