सवलतीतलं रेन बॅरल घ्यावं का? घ्या, पण रिकामं करायची सवय लावून घ्या

तुम्ही विचारलंय की शिकागोजवळ नुकतंच घर घेतलंय, तिथल्या नगरपालिकेकडून अर्ध्या किमतीत रेन बॅरल, म्हणजे छपरावरचं पावसाचं पाणी साठवायची पिंपं, मिळतायत, तर दोन घ्यावीत का, पाणी किती साठतं आणि बिल कमी होतं का.

बिलाचं आधी सांगून टाकतो, नाही होत. ५५ गॅलनचं पिंप म्हणजे साधारण २०८ लिटर, आणि तेवढं पाणी नळाने भरलं तर एक डॉलरसुद्धा पडत नाही. म्हणजे वर्षभर काटकसर करून वाचणार काय, तर एका जेवणाचे पैसे. तरी मी म्हणेन घ्या.

मी मूळचा माण तालुक्यातला, दहिवडीच्या बाजूचा. वर्षाला पाचशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस, तोही मनात आलं तर. लहानपणी पहिली सर आली की आई हाक मारायची आणि आम्ही भावंडं पत्र्याच्या पागोळ्यांखाली घागरी, बादल्या, हाताला लागतील ती पातेली नेऊन लावायचो. भरलेलं भांडं ओतायचं नाही हे असं अंगात मुरलंय की इथे पहिलं पिंप लावलं तेव्हा ते भरल्यावर मी त्याला हातच लावला नाही, म्हटलं ऑगस्टमध्ये कोरडं पडलं की टोमॅटोला होईल.

ऑगस्टपर्यंत कशाला, तीन आठवड्यांत पाण्याला वास मारायला लागला, आतून शेवाळ धरलं, आणि झाकणावरची जाळी एका बाजूने सुटलेली मला दिसलीच नव्हती त्यामुळे आत डासांच्या अळ्या वळवळतायत. त्यात एका रात्री वादळी पाऊस झाला, पिंप आधीच काठोकाठ, वरचं जास्तीचं पाणी जायची नळी मी आळसाने भिंतीलगतच सोडलेली, सकाळी बेसमेंटच्या कोपऱ्यात कार्पेट ओलं. चूक शंभर टक्के माझी.

मग शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी समजावलं की अरे बाबा, हे पिंप तुला पाणी मिळावं म्हणून स्वस्तात दिलेलं नाहीये. शिकागोत आणि आजूबाजूच्या जुन्या सबर्ब्जमध्ये पावसाचं पाणी आणि संडास-बाथरूमचं पाणी एकाच गटारातून जातं. जोराचा पाऊस आला की ते गटार भरतं आणि मग ते सगळं मिश्रण शिकागो नदीत नाहीतर लोकांच्या बेसमेंटमध्ये उलटं येतं. नदी लेक मिशिगनमध्ये, म्हणजे प्यायच्या पाण्यात, जाऊ नये म्हणून या लोकांनी १९०० साली कालवा काढून नदीच उलटी फिरवली, तेही पुरेना म्हणून १९७५ पासून गटारातलं जास्तीचं पाणी साठवायला जमिनीखाली खोलवर बोगदे खणायला घेतले, १०९ मैल, म्हणजे पावणेदोनशे किलोमीटर. एवढं करूनही २ जुलै २०२३ ला पश्चिमेकडच्या भागात आठ इंचांपेक्षा जास्त पाऊस झाला तेव्हा हजारो बेसमेंटं बुडालीच. म्हणून सवलत. तुमच्या छपराचं पाणी पावसाच्या ऐन जोरात गटारात न जाता तासभर कुठेतरी थांबावं एवढीच त्यांची अपेक्षा आहे, आणि भरलेलं पिंप काहीही थांबवू शकत नाही.

आता हिशोब बघा. हजार स्क्वेअर फूट छपरावर एक इंच पाऊस पडला की ६२० गॅलनच्या वर पाणी येतं. माझ्या एका डाऊनस्पाऊटला (छपराच्या पन्हळीतलं पाणी खाली आणणारा पाईप) साधारण तीनशे स्क्वेअर फूट छप्पर लागतं, म्हणजे पाऊस जेमतेम पाव-अर्धा इंच झाला की पिंप भरलं. आठ इंचांपुढे ते काय करणार, काही नाही. पण इथल्या उन्हाळ्यात असल्या छोट्या सरीच जास्त येतात, तिथे उपयोग होतो. त्यामुळे मी आता फोनवर अंदाज बघतो आणि पाऊस यायच्या आदल्या दिवशी कॉक उघडून पाणी झाडांना नाहीतर हिरवळीवर सोडून देतो. आई सहा महिने इथे होती, तिने हे बघितलं आणि म्हणाली, "भरलेलं पिंप सोडून देतोस? डोकं ठिकाणावर आहे का?" मी बोगद्याचं वगैरे सगळं सांगितलं, तिला पटलं नाही. अजून फोनवर विचारते.

लावताना खाली सिमेंटचे ब्लॉक घ्या आणि लेव्हल नीट बघा, कारण भरल्यावर दोनशे किलोच्या वर वजन असतं, कललं तर पोराच्या अंगावर पडायचं. उंच ठेवलं तरी जोर येत नाही हं, पिंपाची उंची मीटरभर धरली तर दीड पीएसआयसुद्धा प्रेशर मिळत नाही आणि घरच्या नळाला चाळीस-साठ असतं, त्यामुळे स्प्रिंकलर विसरा, झारी भरायची. जास्तीच्या पाण्याची नळी भिंतीपासून निदान सहा फूट लांब आणि उताराच्या बाजूला न्या. जाळी दर आठवड्याला बघा, डासांना अंड्यापासून उडेपर्यंत आठवडा-दहा दिवस पुरतात. एचओए (घरमालकांची सोसायटी) असेल तर आधी विचारून घ्या, नाहीतर नोटीस येते.

हे पाणी प्यायचं नाही, भाजी धुवायची नाही. छपरावर कौलांच्या जागी डांबरी शिंगल्स, वर पक्ष्यांची शिट, ते सगळं त्यात उतरतं. मी टोमॅटो, मिरचीला बुडाशी घालतो. मेथी-कोथिंबिरीच्या पानांवर मारत नाही, त्यांना नळाचं.

दोन घ्या की, पण दोन्ही एकाच कोपऱ्यात जोडू नका, घराच्या दोन बाजूंना लावा. (कोलोरॅडोतल्या कोणी हे वाचत असाल तर तुमच्याकडे २०१६ पर्यंत बहुतेक घरांना असं पाणी साठवायला परवानगीच नव्हती, तिथे नदीच्या खालच्या अंगाच्या शेतकऱ्याचा पाण्यावर आधी हक्क. आता दोन पिंपं, मिळून ११० गॅलन चालतं.)

आणि ऑक्टोबर संपताना पूर्ण रिकामं करून पालथं घालायचं आणि डाऊनस्पाऊट परत पहिल्यासारखा जोडायचा. आत पाणी राहिलं तर गोठून पिंपाला चीर जाते, माझ्या पहिल्याला गेली. त्यात आता आईने सांगितल्याप्रमाणे माती भरून आळूचे कंद लावलेत.