विवर अशनीचे की ज्वालामुखीचे?

प्रश्न : अशनी बहुधा तिरके येऊन आदळतात, तरी त्यांची विवरे गोलच का असतात? ज्वालामुखीचे मुखही गोल असते. मग एखादे विवर अशनीच्या आघातानेच झाले, हे भूशास्त्रज्ञ कशाच्या आधारे सांगतात?

उत्तर : पहिल्या भागाचे उत्तर अशनीच्या वेगात आहे. वातावरणाने ज्याचा वेग फारसा कमी होत नाही असा मोठा अशनी सेकंदाला ११ किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगाने जमिनीवर येतो. इतक्या वेगाचा अशनी जमीन उकरत पुढे जात नाही. तो अडतो त्या क्षणी त्याची गतिज ऊर्जा खडकात शिरते, त्याचा बराचसा भाग वितळतो किंवा त्याची वाफ होते आणि आघाताच्या जागेपासून धक्का-लहरी चहूकडे पसरतात. खडक फोडून बाहेर फेकण्याचे काम या लहरींमुळे होते, म्हणून विवर गोल आणि अशनीच्या साधारण २० पट रुंद होते. क्षितिजाशी सुमारे १५ अंशांहून कमी कोन करून आलेल्या अशनीचे विवर मात्र लांबट होऊ शकते.

दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे, कारण केवळ आकारावरून निर्णय करण्यात मोठमोठे अभ्यासक चुकले आहेत. अमेरिकेतील ॲरिझोनामधील सुमारे १.२ किलोमीटर व्यासाचे विवर भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी १८९१ मध्ये तपासले. विवराच्या मानाने प्रचंड असा लोखंडी गोळा खाली पुरलेला असेल, असे गृहीत धरून त्यांनी चुंबकीय मोजमापे घेतली. गोळ्याचा मागमूस लागला नाही, तेव्हा हे विवर भूगर्भातील वाफेच्या स्फोटाने झाले, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढे खाण अभियंता डॅनिएल बॅरिंजर यांनी आघाताची बाजू हिरिरीने मांडली, पण तेही त्याच गोळ्यासाठी वर्षानुवर्षे खोदत राहिले.

निर्णायक पुरावा १९६० मध्ये हाती आला, तो वाळूच्या कणाएवढ्या खनिजात. तेथील वालुकाश्मात कोएसाइट सापडले. क्वार्ट्झचे, म्हणजे वाळूतल्या नेहमीच्या खनिजाचे, हे घट्ट रूप तयार होण्यास वातावरणीय दाबाच्या २० हजार पटींहून अधिक दाब लागतो, आणि तेवढा दाब पृष्ठभागाजवळच्या ज्वालामुखी स्फोटात निर्माण होत नाही. पृथ्वीच्या पोटात फार खोल जाऊन आलेल्या खडकांतही कोएसाइट आढळते, म्हणून अभ्यासक सोबत आणखी एक खूण शोधतात. खडकाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला असता क्वार्ट्झच्या कणातून एकमेकींना समांतर, अतिशय बारीक रेघांचे संच गेलेले दिसतात, आणि एकाच कणात असे संच वेगवेगळ्या दिशांना असू शकतात. धक्का-लहरीखेरीज दुसऱ्या कोणत्याही नैसर्गिक कारणाने अशा रेघा उमटत नाहीत.

लाव्हा थिजून झालेल्या बेसाल्ट खडकात क्वार्ट्झ जवळजवळ नसतेच, म्हणून लोणारचा प्रश्न अवघड होता. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर लाव्हाच्याच थरांत असल्याने ते ज्वालामुखीचे मानणे स्वाभाविक होते. येथे साक्ष दिली बेसाल्टमधल्या फेल्डस्पार या खनिजाने. तीव्र धक्क्याने फेल्डस्पारची अंतर्गत स्फटिकरचना मोडते, पण तो वितळून वाहत नाही, त्यामुळे कणाची बाह्य रूपरेषा शाबूत राहते. या काचमय पदार्थाला मॅस्केलिनाइट म्हणतात. काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवकांमधून (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या चकत्यांमधून) पाहताना काप फिरवला की साधा फेल्डस्पार उजळतो आणि मावळतो. मॅस्केलिनाइट मात्र सतत काळाच राहतो. लोणारच्या तळाखालून वेधन करून काढलेल्या खडकात तो सापडल्याचे १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले.

विवराच्या काठावरही पाहण्यासारखे असते. तेथे थर उलथून पडलेले, म्हणजे जुना थर नव्याच्या वर आलेला आढळू शकतो. परंतु काठ झिजतो, तेव्हा ही खूण टिकाऊ नाही. दक्षिण आफ्रिकेतील व्रेडफोर्टची आघातरचना सुमारे २०० कोटी वर्षांची आहे आणि तिचे मूळ विवर केव्हाच झिजून गेले आहे. तरीही तेथील खडकांत एका टोकाकडून पंख्यासारख्या पसरत गेलेल्या रेषांचे शंकू दिसतात. आघाताची ही खूण भिंगाशिवाय, नुसत्या डोळ्यांनीही ओळखता येते.