ती पाल नव्हे, ते पाल

प्रश्न : मी ऐरोलीत राहतो. दिवाळीनंतर दर महिन्याला एक मुक्कामी ट्रेक असतो. माझा तंबू २.८ किलोचा आहे. एक मित्र त्याची शंकूच्या आकाराची, तळ नसलेली राहुटी स्वस्तात देतोय. वजन ७०० ग्रॅम, मधे ट्रेकिंग पोल उभा करायचा. घरचे म्हणतात, खालून साप शिरेल. घेऊ का? पावसाळ्यात चालेल का?

उत्तर : घ्या. मात्र वाचलेल्या पैशांत आणखी एक वस्तू घ्यावी लागेल, तिच्याकडे येतेच.

या तंबूला दुकानात भारी भारी इंग्रजी नावं आहेत. मी आपलं पाल म्हणते. भिंतीवरची ती नव्हे, घिसाडी गावाबाहेर ठोकतात ते. वर कापड, मधे काठी, खाली जमीन. माझं पाल आल्यापासून कसारा लोकलमध्ये सॅक वर टाकताना कुणाला ‘जरा हात लावा’ म्हणावं लागलेलं नाही. चिखलाच्या बुटांनिशी आत शिरायचं, बसून निवांत मोजे काढायचे. सकाळी झटकलं की झालं.

आता साप. तुमच्या घरच्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा नाग असेल, मला धास्ती मण्यारीची. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्यांच्या अंथरुणात शिरते आणि तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. माणूस पोटात दुखतंय म्हणून उठतो, मग पापण्या जड होतात, आणि साप चावलाय हे कुणाच्या लक्षातच येत नाही. दुसरा लाल विंचू. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिल्यापासून त्याच्या दंशाने जाणारे बरेच जीव वाचले. पण औषध आहे म्हणून रात्री दोन वाजता सड्यावरून दवाखाना जवळ येत नाही.

म्हणून ती दुसरी वस्तू : पालाच्या आत टांगायची जाळीची खोली. वीतभर काठ उचललेला जलरोधक तळ, वर बारीक जाळी, एका बाजूला चेन. दुकानात ‘इनर’ म्हणून मागा. माझी मी जुन्या मच्छरदाणीतून शिवली, ती ४८० ग्रॅम भरली. दोन्ही मिळून १,१८० ग्रॅम, म्हणजे तुमच्या पाठीवरचा दीड किलोहून जास्त भार तरीही उतरला. चेन कायम बंद ठेवायची, ‘आत्ता येते’ म्हणून बाहेर पडतानासुद्धा. बूट जाळीबाहेर राहतात, ते सकाळी उलटे करून आपटल्याशिवाय पाय घालू नका.

पावसाळ्यात? नाही. आपल्याकडे जुलैत पाणी वरून पडतं तितकंच खालून वाहत येतं, कातळावर तर पातळ चादरच सरकत असते. तेव्हा गावात कुणाच्या ओसरीवर पथारी टाकावी, पिठलं-भाकरीही मिळते. हिवाळ्यातल्या अवकाळीसाठी एकच सांगते : खाली प्लास्टिक अंथरलंत तर त्याचे काठ पालाबाहेर डोकावू देऊ नका. कापडावरून ओघळलेलं पाणी त्याच काठावरून अंथरुणाखाली येतं.

खुंट्यांचं मात्र मी फजितीतून शिकले. नाणेघाटाच्या पठारावर, डिसेंबरात. मातीचा थर चार बोटं, खाली काळा कातळ. खुंटी निम्मी गेली आणि मी त्यावर समाधान मानलं. मध्यरात्रीनंतर घाटातून वारा वर चढला, खुंटी उपटली, पोल आडवा आणि ओलं कापड तोंडावर. उरलेली रात्र मी पोल धरून बसले. आता कातळावर खुंटी ठोकतच नाही. दोरीचा फास एका मुठीएवढ्या दगडाला घालायचा आणि त्याच्या पुढे, पालाच्या बाजूला, दोरीवर एक मोठा धोंडा ठेवायचा. ओढ बसली की लहान दगड मोठ्याला येऊन अडतो. दोरी धारेवर घासत नाही ना, तेवढं बोट फिरवून बघा. कापड नायलॉनचं असेल तर ते दवाने सैलावतं, झोपण्यापूर्वी दोऱ्या पुन्हा ताणा. पॉलिएस्टर त्या मानाने शहाणं. आणि शेकोटी लांब. एक ठिणगी पुरते, माझ्या पालाला तशी दोन ठिगळं आहेत.

प्रश्न : पहाटे आतून थेंब पडतात. नवीन कापड गळतंय का? (वाचक, कळवा)

उत्तर : पाऊस नव्हता ना? मग तो तुमचाच श्वास आणि जमिनीची ओल, गार कापडाला लागून पाणी झालेली. खालची कड चार बोटं उचलून बांधा, शिखराजवळची झडप उघडी ठेवा, ओढ्याकाठी मुक्काम टाकू नका. उशाशी एक जुना पंचा ठेवा, पुसायला. मात्र थेंब शिवणीच्या रेषेतच ओळीने दिसले तर शिवण गळतेय. सिलिकॉनचा लेप असलेल्या कापडावर चिकटपट्टी टिकत नाही, सिलिकॉनचंच सीलंट बोटाने चोपडावं लागतं.

प्रश्न : मुलगा म्हणतो, येऊरला रात्री पाल लावून सराव करतो. पाठवू का? (एक आई, वर्तकनगर)

उत्तर : अजिबात नको. ते राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे बिबटे आहेत आणि असं मनाने राहता येत नाही. इमारतीची गच्ची वापरा. खुंट्यांऐवजी कुंड्या. मी अशीच शिकले, फक्त सेक्रेटरींना आधी सांगून ठेवा. आमचे पहाटे टाकी बघायला वर आले आणि ‘कोण आहे रे तिकडे?’ करत काठी घेऊनच उभे राहिले.