एकांत आणि एकाकीपणा

नाशिकच्या एका वाचकाने विचारले आहे की, कला आणि मनुष्यस्वभाव यांवरील एका कादंबरीकाराच्या चिंतनात "कलावंताने एकाकीपणा जपला पाहिजे" असे वाक्य आले आहे, तर तेथे 'एकांत' हवा होता का? हवाच होता. भाषणांत, मुलाखतींत आणि पुस्तकांच्या मलपृष्ठांवर हा घोळ आता इतका रुळला आहे की तो कोणाच्या कानाला खटकतही नाही. एकांत मिळतो, लाभतो, मागून घेता येतो. एकाकीपणा वाट्याला येतो.

'एकाकी'चा उलगडा पाणिनीने 'एकादाकिनिच्चासहाये' या सूत्रात केला आहे : ज्याला सोबती नाही तो एकाकी. बृहदारण्यक उपनिषदातला आदिपुरुषही 'एकाकी न रमते', म्हणजे एकट्याला करमत नाही, म्हणूनच दुसऱ्याची इच्छा करतो. गीतेतील योगी 'एकाकी' आहे, एवढ्यावरून हे शब्द समानार्थी ठरवणारे पंडित मराठीचा कान गहाण ठेवून बोलतात. गीतेत त्या शब्दाला दुःखाची छटा नसेल; मराठीत ती पक्की बसली आहे.

खरा आनंद आहे तो 'एकांत'मध्ये. त्याची 'एकाचा शेवट' अशी फोड करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. येथे 'अंत' म्हणजे कड, बाजू. 'सीमांत' आणि 'प्रांत' यांतही तोच आहे. एकांत म्हणजे एका कडेची जागा, आणि कड म्हटली की मध्य आलाच. म्हणून तर नव्या जोडप्याला घरात एकांत मिळत नाही, असे आपण सहज म्हणतो. माझ्या मते हा अर्थ पाहायचा तर नाशिकजवळच्या पांडवलेणी या बौद्ध लेण्यांतच पाहावा. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात मधोमध प्रशस्त दालन आहे, तीन बाजूंना दगडी बाक आहे आणि भिंतींत उजवीकडे ७, मागे ६ व डावीकडे ५ अशा १८ खोल्या कोरल्या आहेत. भिक्षू आपल्या खोलीत एकटा, पण उंबऱ्यापलीकडे सारा संघ नांदता.

तुकोबांना 'एकांताचा वास' रुचतो तोही वृक्षवल्ली आणि वनचरे या सोयऱ्यांमध्ये. कादंबरीकार असाच कडेला बसतो, म्हणून त्याला मधली माणसे नीट दिसतात. ज्याची माणसेच तुटली, तो स्वभाव कोणाचा न्याहाळणार? त्या वाक्यात 'एकाकीपणा' खोडून 'एकांत' लिहावे. 'जपला' हे क्रियापद मात्र राहू द्यावे, ते एकांताला शोभते.