शाळेतली स्पीच थेरपी : अमेरिकेतल्या मराठी पालकांचे प्रश्न

मुलगा पाच वर्षांचा, केजीत आहे. शाळेच्या स्पीच थेरपिस्टने तपासणीसाठी संमतीपत्र पाठवलंय. घरी आम्ही मराठीच बोलतो, त्यामुळे हे झालं का? मराठी बंद करावी का? (एडिसन, न्यू जर्सी)

मराठी अजिबात बंद करू नका. घरात दोन भाषा आहेत म्हणून बोलण्यात दोष निर्माण होत नाही. मराठी घरातलं मूल इंग्रजीतले दोन वेगळे 'व' (v आणि w) एकसारखेच म्हणतं, 'थिंक'मधला 'थ' आपल्या थाळीतल्या 'थ'सारखा उच्चारतं, वाक्यातलं 'द' (the) गाळतं. हा भाषेचा फरक आहे, त्याला थेरपी लागत नाही.

पण हाच मुलगा घरी 'काका'ला 'ताता', 'गाडी'ला 'दाडी' म्हणत असेल आणि शाळेत 'की'चं 'टी' करत असेल, तर चूक दोन्ही भाषांत एकाच जागी आहे. जिभेचा मागचा भाग उचलायचा तिथे पुढचा उचलला जातोय. बहुतेक मुलांची ही सवय चार वर्षांच्या आत सुटते. पाचव्या वर्षीही राहिली असेल तर मदत हवीच.

अडचण एवढीच की शाळेतल्या थेरपिस्टला मराठी येत नाही, आणि नुसत्या इंग्रजी चाचणीवरून हा फरक नीट कळत नाही. मुलाची तपासणी शक्य असेल तिथे त्याच्या भाषेत व्हावी, असं 'आयडिया' हा अपंगत्व असलेल्या मुलांच्या शिक्षणाचा केंद्रीय कायदा सांगतो. तेव्हा दुभाषा मागा. शिवाय जेवताना मुलाच्या गप्पांचं पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग करा, चुकणाऱ्या शब्दांची यादी लिहून द्या. पहिला शब्द कधी बोलला, व्हिडिओ कॉलवर आजी-आजोबांना त्याचं बोलणं कळतं का, हेही लिहा. ही माहिती तुमच्याशिवाय त्या शाळेत कोणाकडेच नाही. आणि संमतीपत्रावर सही करा.

आम्ही एच-1बीवर आहोत. मुलगी साडेतीन वर्षांची, अजून शाळेत घातलेली नाही. तिला थेरपी मिळेल का?

हो, आणि फुकट. तिसऱ्या वाढदिवसापासून जबाबदारी तुमच्या स्कूल डिस्ट्रिक्टची, म्हणजे तुमच्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेची असते. व्हिसाचा संबंध येत नाही. तपासणीची मागणी फोनवर नको, ईमेलने करा. तारीख नोंदलेली राहते. संमती दिल्यापासून 60 दिवसांत तपासणी, हा केंद्रीय नियम आहे, पण राज्यं आपली मुदत ठरवू शकतात.

खासगी थेरपिस्ट म्हणते, मुलीच्या 'स'मध्ये दोष आहे. शाळा म्हणते, मार्क चांगले आहेत, ती पात्र नाही. खरं कोणाचं? (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

दोघींचंही खरं असू शकतं. शाळा म्हणजे दवाखाना नव्हे. दोष असणं पुरेसं नाही, त्याचा शिक्षणावर परिणाम दिसावा लागतो. मात्र शिक्षण म्हणजे नुसते मार्क, हे मला मान्य नाही आणि कायद्यालाही नाही. उत्तर येत असूनही ती हात वर करत नसेल, मोठ्याने वाचायची वेळ आली की बाथरूमला जात असेल, तर तोही परिणामच. वर्गशिक्षिकेकडून असं निरीक्षण लेखी घ्या. नकाराची कारणं शाळेने लेखी द्यायला हवीत. तपासणीच पटली नसेल तर डिस्ट्रिक्टच्या खर्चाने बाहेरची स्वतंत्र तपासणी मागता येते. डिस्ट्रिक्टने एक तर ती करून द्यायची, नाही तर आपली तपासणी योग्य होती हे सुनावणीत सिद्ध करायचं. मुलीला त्या 'स'चं काही वाटतच नसेल, तर मात्र मी भांडत बसणार नाही.

आयईपीच्या, म्हणजे मुलासाठी शाळा बनवते त्या वैयक्तिक शिक्षण आराखड्याच्या बैठकीत समोर सहा जण असतात. काय विचारावं सुचत नाही.

उद्दिष्ट वाचा. 'बोलणं सुधारेल' असं लिहिलं असेल तर ते मोजणार कसं? 'वाक्यात शब्दाच्या सुरुवातीचा क 10 पैकी 8 वेळा बरोबर', असं हवं. आठवड्याला किती मिनिटं, एकट्याला की गटात, कोणता तास बुडवून, हे विचारा. तिथल्या तिथे सही करायची सक्ती नाही. कागद घरी आणा.

मी पुण्याहून लेकाकडे आले आहे. सात वर्षांचा नातू बोलताना अडखळतो. सून मला 'सावकाश बोल' म्हणू देत नाही, वेखंडही लावू देत नाही.

आजी, सूनबाईंचं बरोबर आहे. तोतरेपणाचा जीभ जड असण्याशी संबंध नाही. मेंदू बोलण्याच्या हालचालींची वेळ जुळवतो, तिथे ते अडतं, आणि बऱ्याचदा घराण्यात चालत आलेलं असतं. वेखंडाने ते जात नाही. अमेरिकेत तर 1968 पासून वेखंड खाद्यपदार्थांत घालायला बंदी आहे. 'सावकाश बोल' म्हटलं की त्याला एवढंच कळतं की आपण चुकलो. त्याचा शब्द तुम्ही पुरा करू नका, वाक्य संपेपर्यंत ऐका, आणि तुम्हीच जरा संथ बोला. वर्गात पाळीने वाचन असेल तेव्हा त्याच्यासाठी काय सोयीचं, हे शाळेतली थेरपिस्ट वर्गशिक्षिकेबरोबर बसून ठरवू शकते. मुलं चिडवत असतील तर काय उत्तर द्यायचं, याचाही ती त्याच्याकडून सराव करून घेते. सूनबाईंना तिची भेट मागायला सांगा, आणि जमलं तर तुम्हीही जा.